डोळा काढलात, पण कुणाचा?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई सांगली जिल्ह्यात एका पतसंस्थेत नोकरी करतात आणि रात्री जेवणं आटोपली की पेन्सिलीनं व्यक्तिचित्रं काढतात. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाल्या, पुढे चित्रकलेचं शिक्षण नाही. स्मिता पाटील त्यांची अतिशय आवडती. इंटरनेटवर सापडलेला तिचा एक लहानसा कृष्णधवल फोटो त्यांनी मोबाइलच्या अ‍ॅपमधून ‘एचडी’ करून घेतला, त्यावर चौकोन आखले आणि महिनाभरात मिळून ४५ तास बसून चित्र पुरं केलं. पापणीचा केस न् केस काढला. आईनं बघितलं आणि म्हणाली, “सुरेख आलंय गं. पण ही कोण?” मावसभावानं वर मीठ चोळलं, “चौकोन पाडूनच काढायचं तर झेरॉक्स काय वाईट?” त्या विचारतात: माझ्या हातातच कमी आहे का? २४ पेन्सिलींचा महाग संच घेऊ का? असं ग्रिड, म्हणजे चौकोन आखून काढणं, लबाडी का? आणि एक ओळखीचे म्हणतात या चित्राच्या प्रिंट विकू, तर विकू का?

ताई,

चित्रासोबत मूळ फोटो आणि अ‍ॅपनं ‘सुधारलेला’ फोटो असे दोन्ही पाठवलेत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. आधी एक सांगते. तुमच्या आईंनी चूक पकडलेली नाही, बरोबर ओळखलं आहे. ती स्मिता नाहीच. पण ती तुमच्या हातातून निसटलेली नाही. तुम्ही पेन्सिल उचलायच्या आधीच ती फोटोतून गेली होती.

हिशेब करून बघा. मूळ फोटोत हनुवटीपासून डोक्यापर्यंतची उंची जेमतेम १५० पिक्सेल आहे. तुम्ही तोच चेहरा ए-थ्री कागदावर २० सेंटिमीटर उंच काढलात. म्हणजे फोटोतल्या एकेका ठिपक्याला कागदावर सव्वा मिलिमीटरहून जास्त जागा. एक डोळा वीस-बावीस ठिपक्यांचा. एवढ्यात पापणीचे केस नसतातच, वरच्या पापणीची जाडी नसते, बुबुळातल्या रेषा नसतात. अ‍ॅपनं त्या भरल्या. कुठून? लाखो चेहऱ्यांवरून शिकलेल्या सरासरीतून. दोन्ही फोटो शेजारी ठेवलेत तर दिसेल की अ‍ॅपनं नाकपुड्या किंचित आवळल्या, ओठांचे कोपरे वर उचलले, गालाच्या हाडाखालची सावली पुसून गाल गुळगुळीत केला. डोळा रेखीव झाला, पण तो कुणाचाही असू शकेल. आणि तुम्ही तो ४५ तास इमानानं उतरवलात!

अ‍ॅप नसतं तरी हेच घडलं असतं, फक्त ते काम तुमच्या सवयीनं केलं असतं. फोटोत माहिती नसली की हात आठवणीतून भरतो आणि आठवणीत ‘डोळा’ असतो, अमक्या माणसाचा डोळा नसतो. चाहत्यांनी काढलेल्या पुष्कळ चित्रांत सगळ्या नट्यांचे डोळे बहिणी-बहिणींसारखे दिसतात ते यामुळेच.

म्हणून पहिला खर्च पेन्सिलींवर नको, फोटो शोधण्यात वेळ घाला. चेहऱ्याची उंची निदान हजार-बाराशे पिक्सेल हवी. उजेड एका बाजूनं पडलेला असावा, म्हणजे नाकाची, गालाची, पापणीखालची सावली स्पष्ट पडते. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत चेहरा चपटा होतो आणि शेडिंगला धरायला काही उरत नाही. हल्लीच्या कलाकारांचे समाजमाध्यमांवरचे फोटो अनेकदा फिल्टरनं त्वचा घासून टाकलेले असतात, तेही टाळा. जवळून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चित्रात ते जसंच्या तसं उतरलं की बघणारा म्हणतो, काहीतरी चुकलंय, आणि काय ते त्याला सांगता येत नाही.

स्मिताच्या बाबतीत अडचण खरीच आहे. १९८६ साली ती गेली, नवा फोटो कुठून येणार? तेव्हा दोनच वाटा उरतात. एकतर छापील मासिकातला किंवा पुस्तकातला मोठा फोटो चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. छपाईची जाळी दिसेल, पण छटांचा क्रम खरा असेल. नाहीतर फोटो लहानच ठेवा आणि चित्रही लहान करा: चेहरा सात-आठ सेंटिमीटरचा, पापण्या म्हणजे केस नव्हे तर एक गडद पट्टा. लहान चित्रात न दिसणारं न काढण्याची मुभा असते. तिचे बाकीचे फोटो समोर ठेवायला हरकत नाही. कानाची ठेवण कशी, ओठ मिटल्यावर कोपऱ्याला काय होतं, हे त्यातून समजून घ्या. उजेड मात्र एकाच फोटोतला घ्या. दोन फोटोंतल्या सावल्या एका चेहऱ्यावर आल्या की सगळंच बिनसतं.

आता ग्रिडबद्दल. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं हातानं रंगवली जायची तेव्हा पेंटर छोट्या फोटोवर चौकोन आखून तेच चौकोन भल्यामोठ्या कॅनव्हासवर वाढवून घेत. एम. एफ. हुसेनही सुरुवातीला होर्डिंगच रंगवत होते. त्यांना कुणी लबाड म्हणत नाही. तेव्हा त्या शब्दाचा ताण घेऊ नका. प्रश्न ग्रिड वापरावं की नाही हा नाही. ते तुमच्या चित्रात नीट चाललं का, हा आहे, आणि तीन ठिकाणी ते चाललेलं नाही.

एक, तुम्ही चौकोन २एच पेन्सिलीनं, दाबून आखलेत. कठीण शिशाची रेघ फिकी दिसते खरी, पण कागदात खाच पाडते. वर शेडिंग केलं की शिसं खाचेत उतरत नाही आणि कपाळावर पांढऱ्या रेघांची जाळी उमटते, जी तुमच्या चित्रात उजव्या भुवईच्या वर दिसतेच आहे. ती आता कशानंही जाणार नाही. चौकोन एचबीनं, पेन्सिल मागे धरून, जेमतेम दिसतील इतपत आखावेत आणि त्या-त्या भागाचं शेडिंग सुरू करायच्या आधी नीडेबल (कणकेसारख्या मळता येणाऱ्या) खोडरबरानं टिपून काढावेत.

दोन, सगळीकडे २ सेंटिमीटरचेच चौकोन. कपाळाला, केसांना ते चालतात. डोळे, नाकाचा शेंडा आणि ओठ यांच्यावर त्याचे चार भाग करून १ सेंटिमीटरचे करा, डोळ्याला वाटलं तर अर्ध्याचे.

तीन, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही: कागद टेबलावर सपाट होता. सपाट कागदाकडे आपण तिरपं बघतो, वरचा भाग डोळ्यापासून लांब पडतो आणि आखूड दिसतो. मग हात नकळत तो वाढवतो. चौकोनांनी बाह्यरेषा धरून ठेवली, पण चौकोनाच्या आत भुवया आणि केसांची सुरुवात दोन-तीन मिलिमीटर वर सरकली आहे. बोर्डाखाली चार जाड पुस्तकं घालून तो इतका उचला की नजर कागदावर सरळ पडेल.

ओळख पटते ती दोन-तीन मिलिमीटरच्या हिशेबात. चेहऱ्यात मोजायच्या जागा फार नाहीत: दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि नाकाचा तळ यांचा त्रिकोण, भुवई आणि वरची पापणी यांतलं अंतर, नाकाच्या तळापासून वरच्या ओठापर्यंतची उंची, ओठांचे कोपरे डोळ्यांतल्या कुठल्या बिंदूखाली येतात ते. एवढं बरोबर असेल तर नुसत्या रेषेतही माणूस ओळखू येतो, आणि हे चुकलं तर कितीही शेडिंग करा, चूक अधिकाधिक सुंदर होत जाते. चित्र आणि फोटो दोन्ही उलटे करून बघा, आरशात बघा. सगळ्यांत खात्रीचा उपाय मोबाइलमध्येच आहे: चित्राचा समोरून सरळ फोटो काढा आणि फोटो जोडायच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये मूळ फोटो त्यावर अर्धा पारदर्शक करून ठेवा. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे जुळवले की बाकीचं कुठं घसरलंय ते लगेच कळतं. हे शेवटी नाही, रेषांच्या टप्प्यावरच करायचं. ४५ तासांपैकी पहिले पाच-सहा तास फक्त रेषांना गेले तरी ते वाया गेले असं समजू नका.

आता छटांकडे येते, आणि इथे थोडं स्पष्ट बोलते. तुम्ही स्मिताला गोरी केली आहे.

हे तुम्ही मुद्दाम केलं नसणार. पण कागदाच्या पांढऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत नऊ पायऱ्या धरल्या, तर फोटोत तिच्या उजेडातल्या गालाची छटा चौथ्या पायरीवर आहे आणि सावलीतला गाल सहा-सातवर. तुमच्या चित्रात तेच गाल दोन आणि चारवर आहेत. तिचा सावळा रंग, त्यावर उठून दिसणारा डोळ्यातला पांढरा भाग, गालाच्या हाडाची धार, हे सगळं याच अंतरावर उभं आहे. ते काढून घेतलं तर दुसरीच बाई दिसणार. सावळ्या चेहऱ्यांच्या बाबतीत ही चूक आपल्याकडे फार होते. थोडी आपल्या मनातल्या आवडीनिवडीमुळे, बाकी शुद्ध तांत्रिक कारणानं.

तांत्रिक कारण असं. कोऱ्या पांढऱ्या कागदावर तुम्ही आधी डोळा, मग नाक, मग गाल असं काढत गेलात. आजूबाजूला सगळं पांढरं असल्यानं तिसऱ्या पायरीची छटाही फार काळी वाटते, हात घाबरतो आणि थांबतो. केस आणि मागची काळी भिंत शेवटी भरलीत तेव्हा चेहरा एकदम फिका पडला, पण तोवर आयव्हरी शीटच्या गुळगुळीत पृष्ठभागावर नवा थर बसेनासा झाला होता. म्हणून क्रम उलटा करा. रेषा पक्क्या झाल्या की आधी चित्रातल्या सगळ्यांत काळ्या जागा भरा: बुबुळाचं मध्य, नाकपुड्या, ओठांमधल्या फटीचे कोपरे, कानामागचे केस आणि पार्श्वभूमीचा निदान चेहऱ्याला लागून असलेला पट्टा. मग त्यांच्याशी तुलना करत त्वचा करा.

अंदाजावर विसंबू नका. जाड कागदाची एक पट्टी घ्या, तिच्यावर दोन-दोन सेंटिमीटरचे नऊ खण पाडा, क्रमानं गडद करा आणि प्रत्येक खणाच्या मधोमध ऑफिसच्या पंचिंग मशीननं भोक पाडा. पट्टी फोटोवर ठेवली की भोकातून दिसणारी छटा कुठल्या खणाशी जुळते ते कळतं. मग तीच पट्टी चित्रावर. दहा मिनिटांचं काम आहे आणि संचातल्या २४ पेन्सिलींहून जास्त उपयोगाचं. फोटो मोबाइलवर बघत असाल तर स्क्रीनचा उजेड आपोआप कमी-जास्त होणं बंद करा, नाहीतर रात्रीची छटा आणि दुपारची छटा जुळणार नाही. शक्य असेल तर मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, कागदावर प्रिंट काढून घ्या.

पेन्सिलींबद्दल थोडक्यात. मोठ्या संचातल्या ४एचपासून पुढच्या कठीण पेन्सिलींना व्यक्तिचित्रात जवळजवळ काम नसतं. एच, एचबी, २बी, ४बी, ६बी (एच म्हणजे कठीण, बी म्हणजे मऊ आणि गडद) पुरेत. त्या कॅम्लिन किंवा अप्सराच्या ड्रॉइंग पेन्सिली असल्या तरी तुमच्या आत्ताच्या चित्रातलं काहीही अडत नाही. सोबत केसांसाठी ०.५ची क्लच पेन्सिल, एक नीडेबल खोडरबर, दोन पेपर स्टंप (छटा मिसळायच्या कागदी कांड्या) आणि एक चारकोल किंवा कार्बन पेन्सिल. ही शेवटची महत्त्वाची. ग्रॅफाइटचे कण चपटे, पत्र्यासारखे असतात. दाबून घासले की सपाट बसतात आणि आरशासारखा उजेड परतवतात. म्हणून ८बीनं कितीही घोटलं तरी काळ्याऐवजी चकाकणारा करडा मिळतो. खरा मॅट काळा हवा तर तो चारकोल किंवा कार्बनचा, आणि तो कोऱ्या कागदावर आधी लावायचा, कारण घोटलेल्या ग्रॅफाइटवर तो घसरतो, बसत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर कागदावर करा: दोनशे ग्रॅमच्या वरचा, आम्लमुक्त, बारीक दाण्याचा ब्रिस्टॉल किंवा हॉट-प्रेस जातीचा. सरावाला कार्ट्रिज पेपर उत्तम.

त्वचा करताना पेन्सिलीचं टोक कटरनं लांब काढून, हात हलका ठेवून, बारीक लंबगोल फिरवत एचबीचे तीन-चार थर, मग २बी, मग गरज असेल तिथे ४बी. दाब वाढवून नव्हे, थर वाढवून गडद करायचं. स्टंप एखाद-दुसऱ्या थरानंतर हलका फिरवा. प्रत्येक थरानंतर फिरवलात तर चेहरा प्लॅस्टिकचा होतो. बोटानं कधीच नाही, बोटाचं तेल कागदाला लागतं आणि तिथे डाग धरतो. हाताखाली कोरा कागद ठेवा. उजव्या हातानं काढता म्हणून वरच्या डाव्या कोपऱ्याकडून खाली उजवीकडे या. पावसाळ्यात कागद दमट होऊन मऊ पडतो, पेन्सिल रुतते आणि छटा ठिपक्याठिपक्यांची येते. काम नसेल तेव्हा कागद बंद फोल्डरमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

काही बारीक गोष्टी, तुमच्या चित्रात दिसल्या म्हणून. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते आणि डोळा गोल असल्यानं दोन्ही टोकांना तो गडद होतो. कागदाचा पांढरा फक्त बुबुळावरच्या उजेडाच्या ठिपक्याला राखा. दातांमध्ये उभ्या रेघा मारू नका, हिरड्यांजवळ आणि खालच्या टोकाला जराशी छटा दिली की पुरतं, नाहीतर फटी दिसतात. नाकाला बाह्यरेषा नसते. कुंकू कपाळाच्या गोलाईवर बसतं. चेहरा जरा वळलेला असेल तर ते पूर्ण गोल नसतं, अंडाकृती होतं. तुम्ही रुपयाच्या नाण्यानं आखल्यासारखं काढलंय, म्हणून ते चिकटवलेलं वाटतं. केस एकेक काढू नका. आधी बटांचे गडद-फिके पट्टे लावा, मग कडेला थोडे सुटे केस. कपाळावरचे चमकणारे सुटे केस हवे असतील तर शेडिंगच्या आधी संपलेल्या बॉलपेननं कागदात खाच पाडून ठेवा. ग्रिडला नडली तीच खाच इथे कामाला येते.

मावसभावाचं काय? त्याचं बोलणं खोचक असलं तरी त्यात एक खरा प्रश्न आहे. सगळीकडे सारखाच तपशील भरलेलं चित्र झेरॉक्सच्या जवळ जातं हे खरं. तुम्ही साडीच्या काठाची नक्षीही डोळ्यांइतक्याच तन्मयतेनं काढलीत, त्यात बहुधा बारा-पंधरा तास गेले असतील. पुढच्या वेळी डोळे, ओठ आणि गालाची एक कड यांनाच पूर्ण न्याय द्या, खांद्यापाशी चित्र साध्या रेषांत सोडून द्या आणि केसांची सावलीतली कड पार्श्वभूमीत विरू द्या. फोटोवरून काम करूनही निवड तुमची राहते.

पण फक्त फोटोवरूनच काढत राहिलात तर एक मर्यादा येते. फोटोनं चेहरा आधीच सपाट करून दिलेला असतो. गालाचं हाड कुठं वळतं, पापणीला जाडी किती, हे जिवंत चेहऱ्यावरूनच कळतं, आणि ते एकदा कळलं की लहान, पुसट फोटोतही काय शोधायचं ते डोळ्याला माहीत असतं. क्लास लावणं चांगलंच, पण तुमच्या वेळा बघता ते जमेलच असं नाही. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस वीस-वीस मिनिटं, ग्रिड न आखता, समोर बसलेल्या माणसाचं डोकं काढा. आई टीव्ही बघत असतील तेव्हा त्यांचं. हे तुमच्या मोठ्या चित्राऐवजी नाही, त्याच्या जोडीला. आठवड्यात तीन दिवस हे आणि चार दिवस ते, अशी विभागणी नोकरी करणाऱ्याला झेपते.

विक्रीबद्दल मात्र माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. घरात लावायला, मित्रमंडळींना दाखवायला चित्र काढलंत तर कुणी विचारायला येणार नाही. प्रिंट काढून विकणं वेगळं. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या फोटोवरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८२ साली छापलेला फोटो २०४२ संपेपर्यंत छायाचित्रकाराचा किंवा ज्यानं पैसे देऊन तो काढून घेतला त्याचा. हातानं उतरवला म्हणून तो हक्क संपत नाही. हयात कलाकारांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे: २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांचं नाव, छबी आणि आवाज परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला अंतरिम आदेशानं मनाई केली. छायाचित्रकार माहीत असेल तर त्यांना लिहून विचारा, कधीकधी होकार येतोही. आणि चित्र कुठेही दाखवताना फोटो कुणाचा ते लिहा. कमाईच हवी असेल तर लोकांच्या घरच्या माणसांची चित्रं करा, त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोवरून. घेण्याआधी फोटो तपासा, आणि चेहरा पुरेसा मोठा नसेल तर सरळ दुसरा मागा. तिथे तुमची परीक्षाही कडक होते: आजोबांना ओळखणारी दहा माणसं घरातच असतात.

या चित्राला आता खोडरबर लावू नका. कागदाचे दाणे बुजलेत, दुरुस्ती बसणार नाही. फिक्सेटिव्हचे (छटा पुसू नये म्हणून मारायच्या फवाऱ्याचे) दोन हलके हात, गच्चीवर, तीसेक सेंटिमीटर लांबून मारा आणि मागे तारीख घालून ठेवून द्या. नव्या चित्राच्या नुसत्या रेषा झाल्या, एकही छटा भरलेली नसेल, तेव्हा कागद आईंसमोर धरा आणि काही न सांगता विचारा, ही कोण? सहाव्या तासाला विचारा, पंचेचाळिसाव्या नको.